शेवट छापून आला

मला आयुष्यातली पहिली परदेशी शिवी आली ती ब्राझीलमधून. मंगळवारी सकाळी मी ओसरीवर वालाच्या शेंगा निवडत बसलो होतो. मोबाइल वाजला म्हणून पाहिलं, तर कुणा अनोळखी इसमानं मला इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की ते शोधायला मी शब्दकोश उघडला आणि शब्दकोशानंही हात वर केले. आमच्या ब्रह्मपुरीत शिव्यांची वानवा आहे अशातला भाग नाही. पंचायत समितीत अख्खी नोकरी काढलेला माणूस मी, खिडकीच्या आत बसून बरंच ऐकलेलं आहे. पण त्या शिव्या देणारा समोर उभा असायचा, त्याच्या बापाला मी ओळखत असायचो, आणि संध्याकाळी पानठेल्यावर तोच मला आपल्या पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा द्यायचा. ब्राझीलच्या माणसाशी माझं असं काहीच नव्हतं.

दुपारपर्यंत पोलंड आणि कोरिया हे देशही माझ्यावर रागावले. सगळ्यांची तक्रार एकच, की मी त्यांचा एक खेळ नासवला. आणि सगळे मला 'संपत्तीचा राजा' म्हणत होते. माझं नाव धनराज. ते कुठल्याशा यंत्रानं भाषांतर करून त्यांना दिलं होतं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला जगानं या नावानं शिव्या द्याव्यात, याचा मला जास्त धक्का बसला.

आता मी असं काय केलं होतं? तर मी एक बातमी लिहिली होती.

चंद्रपूरच्या एका दैनिकासाठी मी बातम्या लिहितो. तसा मी नाटकांचा माणूस. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या रानपट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, आणि त्यांची परीक्षणं लिहिणारा म्हणून माझं नाव आहे. ही परीक्षणं लिहायची एक रीत आहे. पहिल्या अंकापासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळी गोष्ट सांगायची. कोण मरतं, कोण वाचतं, सासरा शेवटी सुनेचे पाय धरतो की नाही, सगळं. एकदा जागा कमी पडली म्हणून पेपरवाल्यांनी माझा शेवटचा परिच्छेद कापला, तर सकाळपासून फोन सुरू झाले. नागभीडकडच्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, ते पोरगी मरते का वाचते तेवढं सांगा. मले सुनेले घेऊन जायचं हाय, तिचे दिवस भरत आले." मी सांगितलं, पोरगी वाचते. त्या सुनेला घेऊन गेल्या. आता शेवट माहीत नसताना भरल्या दिवसांच्या बाईला मांडवात कोण नेऊन बसवेल? लोकांना आधी कळलेलं हवं असतं, म्हणजे रडायचं कुठे ते ठरवून येता येतं.

आमच्या घराला लागून बशीरभाईंचं घर आहे, मधे कमरेएवढी भिंत. बशीरभाईंचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. त्यांची लेक नाहीद पुण्यात बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. मागच्या वर्षी नोकरी सोडून ती घरी आली आणि वरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ तयार करू लागली. बशीरभाईंशी तिचं ठरलं होतं की खेळ चालला तर ती इथंच राहील आणि दुसरा करेल, नाही चालला तर परत पुण्याला नोकरीवर. तिची आई हाजराभाभी यावर काही बोलल्या नाहीत. फक्त त्या वर्षभर आमच्या भिंतीवरून येणाऱ्या वाट्यांमध्ये शेवया आणि खिमा फार वेळा यायला लागला, यावरून घरात लेक असल्याचा आनंद आम्हाला कळत होता.

खेळाचं नाव 'कुठी गेली माय'. बाजारात यायच्या आधल्या आठवड्यात नाहीदनं मला बोलावलं. म्हणाली, काका, तुमच्या पेपरात आलं तर आपल्या इथल्या लोकांना कळेल. मी इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पेन लावून गेलो. समीक्षकानं कसं समीक्षकासारखं जावं. ती खेळत होती आणि मी शेजारी बसून पाहत होतो. सोमारी नावाची एक पोरगी आहे, तिची आई मोहफुलं वेचायला रानात गेली ती परत आलीच नाही. आपण त्या पोरीला घेऊन आई शोधत फिरायचं. हुबेहूब आपलं रान, आपली पायवाट, फुलं पडल्याचा टपटप आवाजसुद्धा तोच. आणि शेवटी नाल्याच्या पाण्यात वाकून पाहावं तर चेहरा दिसतो तो आईचा. म्हणजे इतका वेळ आपण सोमारी नव्हतोच, आपण तीच हरवलेली माय. खरी सोमारी नाल्याच्या पलीकडे उभी असते, दिवस बुडत असतो, आणि आपण एक बटण दाबून तिला 'घरी जा' म्हणायचं असतं. नाहीदनं ते दाबलं. पोर गेली. मी बशीरभाईंचं चष्मे पुसायचं फडकं घेऊन डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी मी परीक्षण लिहिलं. माझ्या हातून इतकं चांगलं फार कमी वेळा उतरलं असेल. मथळा दिला, 'माय कुठीच गेली नाही, ती आपणच!' शेवटाला पुरे दोन परिच्छेद दिले आणि खाली टीप टाकली, की खेळणाऱ्यांनी रुमाल सोबत ठेवावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नंतर पुष्कळांनी मला दोष दिला. शेवट लिहू नका, असं नाहीदनं मला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं पुण्यात राहून तिला वाटलं की हे कुणालाही न सांगता कळतं. आणि इतकी वर्षं ब्रह्मपुरीत राहून मला वाटलं की शेवट सांगणं हे तर परीक्षणाचं मुख्य काम.

रविवारी छापून आलं. गावात कौतुक झालं. बशीरभाईंना तर काय करू नि काय नको झालं. त्यांनी कात्रण दुकानात नेलं, आणि डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्याऐवजी तीच बातमी वाचायला द्यायला सुरुवात केली. ज्याला मथळा दिसला पण शेवटचा परिच्छेद दिसला नाही, त्याला जवळचा नंबर. मला बासुंदीचा डबा आला. माझ्या पत्नीनं, सरितानं, नाटकाच्या परीक्षणावर आजवर कधी न दाखवलेला आदर दाखवून मला दुसऱ्यांदा चहा विचारला.

सोमवारी सकाळी नाहीद भिंतीशी आली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, घरात कुणाचं काही झालं.

"काका, तुमी शेवट लिवून टाकला."

"हाव ना. दोन परिच्छेद लिवले. कमी पडले का?"

ती भिंतीवरून येऊन आमच्या पायरीवर बसली आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. खेळांच्या जगात म्हणे शेवट सांगणं याला एक शब्द आहे, स्पॉइलर, आणि तो शब्द लोक शिवीसारखा वापरतात. खेळांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना खेळ आधी पाहायला देतात, पण ते लेखी कबूल करतात की ठरलेल्या दिवसाआधी अक्षर लिहिणार नाही आणि शेवट तर कधीच सांगणार नाही. तिनं तशा कबुल्या देशोदेशींच्या पत्रकारांकडून घेतल्या होत्या. पुण्याच्या एका मोठ्या संकेतस्थळानं शुक्रवारी पहिल्या पानावर तिच्या खेळाला जागा द्यायचं कबूल केलं होतं, आणि सगळा भरवसा त्यावरच होता. म्हणजे त्या सोमवारी पृथ्वीवर 'कुठी गेली माय'बद्दल छापून आलेला मजकूर एकच होता, तो माझा.

मी तिला विचारलं, मग ते पत्रकार लिहितात तरी काय? ती म्हणाली, चित्रं कशी आहेत, आवाज कसा आहे, खेळताना काय वाटतं. म्हणजे पंगतीला जाऊन यायचं आणि फक्त पातेल्यांचं वर्णन करायचं. लोक आपल्याला न कळावं म्हणून धडपडतात, आणि कळलं तर रागावतात, ही गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

"साऱ्या जगाचं जाऊ द्या काका," नाहीद म्हणाली. "मी अम्मीले नव्हतं सांगतलं. तिनं पहिल्यांदा खेळावं, तिले ते पाण्यात दिसावं, म्हणून सालभर लपवून ठेवलं. अन् काल जेवताना अब्बूनं तुमची बातमी मोठ्यानं वाचली."

जग रागावलं असतं तर ते मला सोसलं असतं. पण भिंतीपलीकडच्या बाईचं वर्षभर जपून ठेवलेलं काहीतरी मी रविवार पुरवणीत वाटून टाकलं होतं, आणि वर बासुंदी खाल्ली होती.

पेपरची नेटवरची आवृत्ती त्या यंत्रानं उचलून इंग्रजीत केली आणि खेळांच्या बातम्या देणाऱ्या कुठल्याशा परदेशी संकेतस्थळानं ती मथळ्यासकट आणि माझ्या मोबाइल नंबरासकट लावली. पुढचं ब्राझीलपासून तुम्हाला माहीत आहेच.

मी ठरवलं की हे निस्तरायचं. लगेच चंद्रपूरला फोन लावून खुलासा छापायला सांगितला. तिथले उपसंपादक सज्जन गृहस्थ आहेत, पण नियमाचे पक्के. म्हणाले, मूळ मजकूर काय होता ते दिल्याशिवाय खुलासा छापता येत नाही, वाचकाला कळलं पाहिजे ना कशाचा खुलासा आहे ते. मी म्हटलं, अहो, तेच तर कळू द्यायचं नाही. ते म्हणाले, मग खुलासा कशाला हवा? शेवटी बुधवारी पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत, माझ्या परीक्षणापेक्षा मोठ्या अक्षरांत आलं: "'कुठी गेली माय' या खेळातील सोमारीच्या रूपात फिरणारी व्यक्ती ही तिची हरवलेली आईच असल्याचे वृत्त आम्ही दिले होते. ते वाचकांनी वाचलेले नाही असे समजावे." ज्या लोकांनी रविवार पुरवणी चुरमुऱ्यांना दिली होती, त्यांनाही आता कळलं.

मग मी पोलीस ठाण्यात गेलो. म्हटलं, त्या परदेशी संकेतस्थळावरून तरी ते काढायला लावता येतं का पाहावं. तिथे बसलेल्या बाई, मीराबाई त्यांचं नाव, फार चांगल्या वागल्या. त्यांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला आणि विचारलं, काय उघड झालं? मी म्हटलं, ते सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, न सांगता लिहू कसं? मी कुजबुजत सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि पद्धतीप्रमाणे लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकड्यावर मोटारसायकल हरवलेले दोघं आणि भांडणातले चौघं बसले होते. नाल्याच्या पाण्याचा भाग आला तेव्हा भांडणातली एक बाई पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मीराबाईंनी वाचन थांबवून मला विचारलं, हे कुठी भेटते जी?

संध्याकाळी लटारूभाऊ घरी आले. लटारूभाऊंची स्वतःची नाटक कंपनी आहे आणि सल्ला न मागता द्यायची त्यांना सवय आहे. ते पायरीवर बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की यात काय मोठं, खरा शेवट झाकायचा असेल तर त्याच्यावर खोटा शेवट टाकायचा. लोकांनी दोन ऐकले की कुठला खरा ते कुणालाच कळत नाही. मला ते पटलं. खरं म्हणजे त्या दिवशी मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. सरितानं आतून सांगितलं, "ऐकू नका त्याईचं," पण ती चहा गाळत होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लटारूभाऊंची जाहिरातीची जीप आहे, वर भोंगा बांधलेली. भोंग्यावर बोलणारा दसरू, त्याचा आवाज साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी जीप निघाली. दसरूला लिहून दिलेलं असं होतं, की नाहीद शेख यांचा नवीन खेळ, कुठी गेली माय, आणि मग खोटा शेवट, वाघानं नेली हो माय. पण जीप चालत असते आणि वारा वाहत असतो. धानाच्या बांधांवर उभ्या माणसांपर्यंत त्यातलं जे पोहोचलं ते एवढंच, की माय कुठी गेली, माय वाघानं नेली.

आमच्या भागात वाघ खरंच माणसं नेतो, म्हणून हे वाक्य खेळात घ्यायचं नसतं. दिवस मोहफुलांचे. पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन रानात गेलेल्या. दुपार व्हायच्या आत रस्त्यावरच्या गावांतली माणसं काठ्या, डबे आणि कुऱ्हाडी घेऊन रानाच्या कडेला जमली, घरोघरी कुणाची बाई परत आली नाही याची मोजदाद सुरू झाली, आणि वनखात्याची गाडी धावत आली. धापा टाकत पळत आलेल्या एका म्हाताऱ्याला त्याची बायको बांधावर दिसली आणि तो तिच्यावरच ओरडायला लागला, की तू इथे काय करते. सगळ्या बाया सुखरूप घरी आल्या हे कळलं तेव्हा कुठे मी खाली बसलो. एवढी भीती मला ब्राझीलनंही घातली नव्हती.

दसरूनं लटारूभाऊंचं नाव सांगितलं आणि लटारूभाऊंनी माझं. वनखात्याच्या कचेरीत साहेबांनी मला समोर उभं केलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. बाई कोण, वय काय, कोणत्या गावची?

"साहेब, ते बाई कॉम्प्युटरमधली हाय."

"अन् वाघ?"

"वाघ नाईच साहेब."

"मंग बाई गेली कुठी?"

पुन्हा तेच. बाईला वाघानं नेलेलं नाही हे सिद्ध करायचं तर बाईचं खरं काय झालं ते सांगणं आलं. मी जबाबात सगळा शेवट लिहून दिला, नाला, पाणी, चेहरा, बटण. खाली सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला, रागावलेलेच होते, पण मला सोडताना त्यांनी शिपायाला विचारलं की आपल्या कॉम्प्युटरवर असे खेळ चालतात का. हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं. त्या दिवशी मी कचेरीतून घरापर्यंत खाली मान घालून चालत आलो, आणि वाटेत तीन ठिकाणी लोकांनी मला वाघाबद्दल विचारलं.

घरी आलो तर सरितानं सांगितलं की पुण्याच्या संकेतस्थळाचा निरोप आला. शेवट जगभर झाल्यावर आता पहिल्या पानावर जागा देण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. नाहीदनं पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन केला होता. भिंतीपलीकडे त्यांच्या बैठकीतल्या पलंगावर तिची बॅग उघडी पडलेली मला दिसली. त्या दिवशी भिंतीवरून वाटी आली नाही.

शुक्रवारी दुपारी खेळ बाजारात आला. मी घरात दार लावून बसलो होतो, पण बशीरभाई स्वतः येऊन मला हात धरून घेऊन गेले. म्हणाले, धनराजभाऊ, चुकलं ते चुकलं, पोरीच्या घरी आज कोणी नसावं असं नको. त्यांच्या बैठकीत गर्दी झाली होती. लटारूभाऊ, सरिता, गल्लीतल्या बाया, आणि साध्या कपड्यांत मीराबाईही. मी दाराच्या मागे उभा राहिलो. खुर्चीवर कॉम्प्युटरसमोर हाजराभाभी बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या होत्या, "साऱ्या जगाले माहीत हाय. मलेच पाहू द्या आता."

त्यांचं खेळणं म्हणजे पाहण्यासारखं होतं. रानात शिरल्या आणि प्रत्येक मोहफुलापाशी थांबल्या. एकही फूल सोडून पुढे जाईनात. नाहीद सांगत होती की अम्मी, एवढी लागत नाहीत, पण त्यांचं म्हणणं, पडलेली टाकून कशी जायची? मागे उभ्या सगळ्यांना शेवट माहीत होता, त्यामुळे सूचनांचा पाऊस पडत होता. भाभी डावीकडे, नाल्याकडे, अहो तीच तुमी, पाण्यात पाहा. आमच्या नाटकातही लोक असेच नटाला सांगतात की मागून मारेकरी येऊन राह्यला, सांभाळ. नाहीदच्या चेहऱ्यावरचं काही मला वाचता येत नव्हतं.

नाला आला. भाभी वाकल्या. पाण्यात चेहरा दिसला. आता सगळे एकदम गप्प झाले. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी गप्प झाले. पलीकडे पोर उभी. दिवस बुडत होता. पडद्यावर खाली ते बटण आलं, 'घरी जा'.

भाभींनी हात मांडीवर घेतले.

आम्ही थांबलो. लटारूभाऊ खाकरले. कुणीतरी पुटपुटलं, की भाभी, दाबा ना. नाहीद खाली वाकून म्हणाली, "अम्मी, दबाओ ना. खतम हो जाएगा."

"मैं काय को बोलूँ उसको 'जा' करके?" हाजराभाभी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मांडीवरचे हात तसेच. बशीरभाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. पलंगावर ती बॅग होती, आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. पडद्यावरची पोर उभीच होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. चहा आला, गार झाला. बायांना घरची कामं आठवली, त्या गेल्या. मीराबाईंची ड्यूटी होती, त्या गेल्या. पडदा जवळजवळ काळा झाला. मला वाटलं खेळ बंद पडला, आणि माझ्यामुळेच पडला असणार.

आणि मग काहीतरी झालं.

काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की नाहीदनं दोन्ही हातांनी तोंड धरलं, हाजराभाभी खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि बशीरभाईंचा चष्मा काढून पुसता पुसता खाली पडला. मी नाटकं पाहत केस पांढरे केले, पण असा धक्का मला कुठल्याही पडद्यानं दिला नाही. ते नाहीदनंच खेळात ठेवलेलं होतं, कुणालाही न सांगता. पत्रकारांना दिलेल्या माहितीतही ते नव्हतं. तिला वाटलं होतं की कुणाला ते सापडणारच नाही.

त्याच दिवशी तिनं पुण्याच्या संकेतस्थळाला कळवलं, की तुम्हाला माहीत असलेल्या शेवटाच्या पुढे एक शेवट आहे, तो जगात फक्त माझ्या आईला सापडला, आणि तो मी सांगणार नाही. त्यांनी शनिवारी ते पहिल्या पानावर घेतलं. मग जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. ठिकठिकाणचे लोक खेळ विकत घेऊन रान धुंडाळत आहेत. ब्राझीलच्या इसमानं मला पुन्हा लिहिलं. यावेळी सुरुवातीला 'सर' होतं. विचारलं होतं, आपल्याला तो शेवट माहीत आहे का? मी उत्तर दिलं, हो. पुढे एक अक्षर लिहिलं नाही. इतकं समाधान मला कुठल्याही परीक्षणानं दिलेलं नाही. पलंगावरची बॅग माळ्यावर गेली, आणि भिंतीवरून पुन्हा शेवया आल्या.

ही हकिकत लिहून झाल्यावर मी शहाणपणा केला आणि छापायला देण्याआधी नाहीदला वाचायला दिली. ती आमच्या ओसरीवर बसून वाचत होती आणि हसत होती. शेवटच्या पानावर तिचं हसू थांबलं.

"काका, तुमी पुन्हा सांगून टाकलं."

मी चाट पडलो. म्हटलं, बाई, काय झालं ते मी कुठे लिहिलंय? शोधून दाखव.

"बटन दाबायचं नाई, बसून राह्याचं, हे लिवलं ना. तेच तर लोकाईले सापडून नाई राह्यलं."

एका आयुष्यात एका माणसाला एका पोरीचा खेळ दोनदा नासवता येतो, यावर माझा विश्वास बसेना. मी कागद ओढून घेतले आणि फाडायला निघालो. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या. छापा तुमी," ती म्हणाली. "सांगून काई होत नाई काका. मीच बनवलं, मले माहीत हाय काय येते. मी बी बसून पाह्यलं. माझ्यानं थांबलं नाई जात."

मला ते खरं वाटलं नाही. मी त्यांच्या वरच्या खोलीत जाऊन बसलो. हात मांडीवर घेतले. पोर पलीकडे उभी, अंधार पडत चाललेला, ती काही बोलत नाही, नुसती आपल्याकडे पाहते. आपल्याला सगळं माहीत असतं, आणि तरी वाटतं की अंधार व्हायच्या आत हिला घरी पाठवावं, रान आहे, काही होईल. माझं बोट गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पुन्हा गेलं.

खाली आलो तेव्हा हाजराभाभी भिंतीशी मेथी निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, भाभी, तुमाले कसं जमलं एवढं थांबाले?

त्यांनी मान वर केली नाही. "नाहीद पुण्याले होती ना जी इतके साल," त्या म्हणाल्या.